आगोटीची बेगमी आणि अडल्यावेळचा शिधा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी दरवर्षी होतेच. मग आणखी वेगळा साठा कशाला?

वेगळा साठा लागत नाही, त्याच बेगमीची मांडणी बदलावी लागते. बाजार लांब, मासेमारी बंद, ऊन नाही, एवढं धरून आगोटीची खरेदी होते. पण चूल पेटेल, विहिरीवरचा पंप चालेल आणि छप्पर जागेवर राहील, हे त्यात न बोलता गृहीत असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकाच दुपारी गेल्या. पत्रे उडाले, कौलं फुटली, वर्षभराचा तांदूळ पोत्यातच भिजला आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा भरलेलं घर आणि भरलेलं दुकान दोन्ही एकदमच गेलं.

म्हणून बेगमीचे तीन भाग करा. पहिला भाग विस्तव न लागणारा, तीन दिवसांचा. दुसरा पंधरा दिवसांचा, थोड्या जळणात शिजणारा, ज्याला गिरणी आणि मिक्सर लागत नाही. तिसरा म्हणजे तुमची नेहमीची चातुर्मासाची बेगमी. तिन्ही तीन ठिकाणी ठेवा.

पंचवीस वर्षं टिकणारे जेवणाचे डबे ऑनलाइन मिळतात. त्यावर पैसे घालू नका. आपल्याकडे वस्तू जुनी होऊन खराब होण्याआधी दमट होऊन खराब होते, आणि जे घरात रोज खाल्लं जात नाही ते वादळातही कोणी खात नाही.

पंधरा दिवसांसाठी चार माणसांना नेमकं किती लागतं?

दोन मोठी माणसं, एक आजी किंवा आजोबा आणि एक शाळकरी मूल असं घर धरलं, तर:

तांदूळ १५ किलो (माणशी रोज पाव किलो)
डाळी आणि कडधान्य मिळून ४ किलो: तूरडाळ, मूगडाळ, मसूर जास्त, वाल, चवळी कमी
कुळथाची पिठी १ किलो
पोहे ३ किलो
तेल २ लिटर
गूळ आणि साखर मिळून २ किलो
मीठ १ किलो
कांदे ४ किलो, बटाटे ४ किलो
असोले (न सोललेले) नारळ १०
सुकी मासळी १ किलो
आमसुलं २०० ग्रॅम, नाहीतर कोकमाच्या आगळाची एक बाटली
दूध पावडर १ किलो
मसाला ३०० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, चहा ३०० ग्रॅम

यात माणशी दिवसाला साधारण दोन हजार उष्मांक पडतात. घरात बसून राहणाऱ्याला ते पुरतात. वादळानंतर मात्र कोणी बसून नसतं. पडलेली झाडं तोडायची, पत्रे बसवायचे, गाळ उपसायचा. अशी कष्टाची माणसं घरात असतील तर त्यांच्यापुरता तांदूळ माणशी साडेतीनशे ग्रॅम धरा आणि गूळ-शेंगदाणे वाढवा.

एक हिशेब हमखास चुकतो, तो चाकरमान्यांचा. जून-जुलैत चार माणसांचं असलेलं घर भाद्रपदात बारा माणसांचं होतं आणि घाटात दरड पडली तर ती बाराही माणसं घरातच अडकतात. गणपतीच्या आधी आठवडाभर साठा परत एकदा मोजा.

विस्तवाशिवायच्या तीन दिवसांत काय खायचं?

पातळ पोहे २ किलो, सातूचं पीठ १ किलो, गूळ १ किलो, भाजलेले शेंगदाणे १ किलो, खजूर अर्धा किलो, बिस्किटं १ किलो. चार माणसांना तीन दिवस हे पोटभर होतं. सोबत मीठ, एखादी सुकी चटणी, लहान पाकिटांतली दूध पावडर आणि एक पातेलं. हे सगळं घट्ट झाकणाच्या एकाच डब्यात किंवा बादलीत भरा आणि एका माणसाला एका हातात उचलता येईल एवढंच वजन ठेवा. सात-आठ किलोच्या वर गेलं की पुराच्या वेळी ते जिन्यावरून वर जात नाही.

कोकणी घराला यात शिकण्यासारखं नवीन काही नाही. दडपे पोहे मुळातच न शिजवता होतात: पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मीठ, साखर, लिंबू, वर नारळाचं पाणी शिंपडायचं आणि ताट झाकून, दडपून वीस मिनिटं ठेवायचं. फोडणी नसली तरी चालतं. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं की लहान मूल आणि दात नसलेली आजी दोघांचंही भागतं.

जाड पोहे या डब्यात ठेवू नका. ते नुसत्या पाण्यात भिजून खायला बरे लागत नाहीत. भाजणी आणि मेतकूट दोन्ही पिठं भाजलेलीच असतात, पण भाजणीला तेल-तवा लागतो. मेतकूट मऊभाताबरोबर, म्हणून ते दुसऱ्या भागात.

खरेदी कधी सुरू करायची? मृग लागेपर्यंत वेळ असतो ना?

आता त्यावर विसंबून चालत नाही. २०२५ साली मॉन्सून २५ मेलाच तळकोकणात पोचला आणि त्याआधी मेच्या मध्यापासूनच पाऊस सुरू होता. उन्हात टाकायची सगळी कामं ज्यांनी मेअखेरवर ठेवली होती त्यांची मासळी, आमसुलं, पापड ओलेच राहिले. मे महिन्यात चक्रीवादळंही येतात. तौक्ते २०२१ च्या मेमध्येच किनाऱ्याने वर गेलं.

त्यामुळे वाळवायचं ते सगळं अक्षय्य तृतीयेच्या आसपास आटपा. धान्य-कडधान्य १५ मेपर्यंत उन्हं देऊन डब्यात गेलं पाहिजे. मेचा शेवटचा आठवडा फक्त कांदा-बटाटा, औषधं, गॅस आणि जळणासाठी ठेवा.

दुसरं वादळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊ शकतं. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, तेव्हा भातकापणीचे दिवस होते. दिवाळीच्या सुमारास जुना साठा संपत आलेला आणि नवं भात अजून खळ्यात, अशी कात्रीतली वेळ असते. पंधरा दिवसांचा भाग तेवढा त्या काळात भरलेला ठेवा.

तांदूळ टिकतो कसा आणि बिघडतो कशाने?

बिघडतो तो आत राहिलेल्या ओलाव्याने. किडे नंतर येतात. ओलसर दाणा त्यांना आयता मिळतो. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, दबला तर अजून उन्हं हवीत. याहून पक्की परीक्षा मिठाची. चमचाभर बारीक मीठ तव्यावर गरम करून कोरडं करा आणि निवू द्या. काचेची कोरडी बाटली एक तृतीयांश तांदळाने भरा, त्यात मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. असा तांदूळ डब्यात घालू नका. साठवणीला १२-१३ टक्के चांगले.

उन्हं दिल्यावर लगेच डबा भरण्याची घाई नडते. गरम तांदूळ बंद डब्यात निवताना घाम सोडतो, तो झाकणाच्या आतून ओघळतो आणि वरच्या थराला बुरशी धरते. संध्याकाळी गोळा करा, रात्रभर चादरीखाली पसरून ठेवा, सकाळी हवा दमट व्हायच्या आत भरा.

डबा गळ्यापर्यंत भरलेला हवा. अर्ध्या डब्यात निम्मी दमट हवा असते आणि तो दर दोन दिवसांनी उघडला की ती बदलतच राहते. म्हणून एका मोठ्या कोठीपेक्षा पाच-पाच किलोचे डबे बरे: एक उघडा, बाकीचे बंद. पैसे कमी असतील तर दोन लिटरच्या थंड पेयाच्या बाटल्या धुऊन, दोन दिवस उलट्या टांगून पूर्ण कोरड्या करा. एकीत दीड किलोच्या वर तांदूळ बसतो, झाकण पक्कं लागतं, आणि छप्पर गळलं तरी आत थेंब जात नाही. उंदीर मात्र प्लास्टिक कुरतडतो, त्यामुळे बाटल्या पत्र्याच्या पेटीत ठेवा.

उकडा तांदूळ साठवणीला सुरयपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) सरस. उकडताना दाणा घट्ट होतो आणि किडीला पोखरायला जड जातो. घरचं भात असेल तर सगळं भरडून आणू नका. टरफलासकट भात पॉलिश तांदळापेक्षा बरंच जास्त टिकतं. दोन महिन्यांपुरतं भरडा आणि बाकी कणगीत किंवा मुडीत राहू द्या. पण भातगिरण विजेवर चालते हे विसरू नका. पंधरा दिवसांचा भाग भरडलेलाच हवा.

सोंडे आणि भुंगे लागू नयेत म्हणून काय घालायचं? बोरिक पावडर चालते का?

नको. बोरिक पावडर धुतल्यावर पूर्ण जाते असं नाही आणि लहान मुलांच्या पोटात ती जायला नको. पारद (पाऱ्याच्या) गोळ्याही नकोत. आणि ज्यांतून वायू सुटतो त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याची कमी नसते. बंद खोलीत झोपलेलं माणूस त्याने दगावतं.

कडधान्याला तेलाचा हात हा जुना उपाय खरा आहे. किलोला एक लहान चमचा (५ मिली) एरंडेल किंवा खाद्यतेल दोन्ही तळव्यांनी चोळा, प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. भुंग्याची मादी दाण्यावर अंडी घालते, तेलाने ती अंडी गुदमरतात. अंडी आधीच आत गेली असतील तर तेलाचा उपयोग नाही, म्हणून आधी दोन कडक उन्हं आणि मग तेल. वाल आणि चवळीला सर्वांत आधी लागण होते, ते कमी घ्या. तूर आणि मसूर डाळ स्वरूपात घेतली तर भुंगा फारसा त्रास देत नाही.

घरात डीप फ्रीजर असेल तर दोन-दोन किलोच्या पिशव्या आठवडाभर त्यात ठेवून काढल्या की अंड्यांसकट कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आधी उघडली तर दाण्यावर दंव धरतं आणि केलेलं सगळं वाया जातं. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून घालता येईल. ओला पाला घालणारे डब्यात स्वतःच्या हाताने पाणी घालत असतात.

पीठ किती ठेवावं?

कमी. पावसाळ्यात दळलेलं पीठ महिनाभरात कुबट होतं आणि बाजरीचं तर आठ-दहा दिवसांत कडवट. पण वीज गेली की गिरणी बंद, म्हणून भाकरीसाठी तांदळाचं पीठ ४-५ किलो आणि नाचणीचं २ किलो एवढं नेहमी पुढे असावं. जातं माळ्यावर पडलं असेल तर उतरवून, दगड टाकीने खडबडीत करून ठेवा. पाटा-वरवंटा असला की वाटण होतं. नसेल तर लोखंडी खलबत्ता पुरे.

कुळथाची पिठी इथे वेगळी काढायला हवी. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून दळलेला असतो, त्यामुळे पिठी लवकर कुबट होत नाही. चार माणसांना वाटीभर पिठी, चार-पाच वाट्या पाणी, लसूण, आमसूल, मिरची, आणि दहा मिनिटांत पिठलं. तेवढ्याच वेळात शिजणारं दुसरं सकस कालवण बेगमीत नाही. पंधरा दिवसांच्या भागात डाळीपेक्षा हिचाच भरवसा जास्त.

सुकी मासळी कशी निवडायची आणि पावसात कशी सांभाळायची?

एप्रिलपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत घ्या. उशिरा आलेला माल अर्धवट वाळलेला असतो, वजनात भरतो आणि भावही चढा. बोंबील वाकवला तर चिवट न वाकता मोडायला हवा. जवळा मुठीत दाबून सोडला की मोकळा झाला पाहिजे, गोळा राहिला तर ओला आहे. सोड्यांचा (सुक्या कोळंबीचा) रंग फार तांबडाभडक असेल तर रंग घातल्याची शंका घ्या, ओल्या बोटाने चोळून बघा. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी-लाल डाग दिसला तर टोपली तिथेच सोडा. खारवलेल्या मासळीवर वाढणाऱ्या जिवाणूंचा तो रंग असतो आणि धुऊन ती मासळी सुधारत नाही.

घरी आणल्यावर ताडपत्रीवर नाही, खाटेवर किंवा जाळीवर दोन उन्हं द्या, खालून हवा लागते. पूर्ण निवल्यावर पत्र्याच्या डब्यात भरा, तळाला आणि मध्येमध्ये कोरा कागद. एक मोठा डबा भरण्याऐवजी पाव-पाव किलोच्या पुड्या करा, म्हणजे एक भिजली तरी बाकीच्या वाचतात. जवळ्याला मीठ नसतं, तो सगळ्यात आधी दमट होतो. पावसाने उघडीप दिली की ऊन द्या. ऊनच नसेल तर मंद तव्यावर कोरडा परतून, निववून परत भरा. जवळा, सुकट गौरीपर्यंत संपवा. खारा बांगडा मिठाच्या थरात दिवाळीपर्यंत जातो.

पंधरा दिवसांच्या भागात मासळीचा डबा धान्यापासून लांब ठेवा. वास लागतो हे एक, आणि त्या वासाने उंदीर येतात हे जास्त महत्त्वाचं.

भाजीचं काय? घाट बंद झाला की बाजारात काहीच येत नाही.

कोकणातली बरीचशी भाजी आणि दूध घाटावरून येतं. कुंभार्ली, आंबा, करूळ यांपैकी एखाद्या घाटात दरड पडली की दुसऱ्या दिवशी भाव कळतो. कांदा टांगून ठेवा. अलिबागचा पांढरा कांदा माळेत गुंफून विकतात, कारण चारी बाजूंनी हवा लागली की तो सडत नाही. बटाटा कांद्याजवळ ठेवू नका, त्याला कोंब लवकर फुटतात.

फणसाच्या आठळ्या धुऊन, सावलीत सुकवून, लाल मातीत घोळवून कोरड्या वाळूत ठेवल्या की पावसाळाभर पुरतात आणि उकडल्या की बटाट्याचं काम करतात. आंबोशी, खारातली कैरी, सांडगी मिरची, सुकवलेले गरे हे चवीसाठी आहेत, पोटासाठी नाहीत; पण आठव्या दिवशी तोच भात गळ्याखाली उतरवायला तीच लागतात. लोणचं घालताना किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ आणि वर बोटभर तेल तरंगतं ठेवा. फोड तेलाच्या वर आली की तिथूनच बुरशी सुरू होते.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी दारात उगवतात. ओळखीच्याच तोडा. शेवळं काकडांशिवाय (आंबट रानफळांशिवाय) आणि अळू आंबटाशिवाय शिजवलं तर घसा धरतो. पूर ओसरल्यावर गाळात उगवलेली कोणतीही पालेभाजी किमान काही आठवडे नको. त्या पाण्यात काय काय वाहून आलेलं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रानातली अनोळखी अळंबी तर कधीच नको.

पाणी किती आणि कशात?

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर. चार माणसांना तीन दिवसांचे ४८, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन भरून ठेवा. पंधरा दिवसांचे २४० लिटर भरून ठेवणं बहुतेक घरांना जमत नाही आणि गरजही नसते, कारण कोकणात पावसाळ्यात पाणी कमी पडत नाही, स्वच्छ पाणी कमी पडतं.

इथे सगळ्यात मोठी चूक साधी आहे. विहीर आहे, पंप आहे, आणि रहाट केव्हाच काढून टाकलेला. वीज गेली की पाणी डोळ्यांसमोर आहे आणि काढता येत नाही. कप्पी, विहिरीच्या खोलीपेक्षा पाच हात जास्त लांबीचा दोर आणि एक पोहरा, एवढं मेअखेरीस जागेवर आहे ना ते बघा. नायलॉनचा बारीक दोर घेऊ नका, भरल्या पोहऱ्याने तळहात सोलतो.

छपराचं पाणी धरायचं असेल तर पहिली वीस मिनिटं पन्हळ वाहू द्या, मग पिंप लावा. दुहेरी धडप्याने गाळा आणि खदखदून उकळी आल्यावर एक मिनिट उकळत ठेवा. जळण नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वापरा, प्रमाण पाकिटावरचं, आणि अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळाशीच खर्ची पडतं, म्हणून आधी निवळू द्या.

विहिरीत पुराचं पाणी गेलं तर?

उपसा करा, गाळ काढा आणि मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. नेहमीच्या पाण्याला १००० लिटरला २.५ ग्रॅम हे प्रमाण आहे. नऊ-दहा फूट व्यासाच्या आणि तेरा फूट पाणी असलेल्या विहिरीत साधारण २८ हजार लिटर पाणी असतं, म्हणजे ७० ग्रॅम. पुरानंतर मात्र याहून जास्त लागतं आणि ते अंदाजाने टाकू नये; ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवा, मोजून टाकणं त्याचंच काम आहे. पावडर थेट विहिरीत ओतू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्यात खालवर हलवत सोडा. तासाभरानंतर पाणी वापरता येतं. गेल्या वर्षीची उघडी पुडी दमट हवेत निकामी झालेली असते, वास येत असला तरी.

गॅस आणि जळण किती दिवसांचं हवं?

१४.२ किलोचं सिलिंडर चार माणसांच्या घरात साधारण दीड महिना जातं. मेअखेरीस एक भरलेलं सिलिंडर बाजूला हवं, लावलेलं कितीही शिल्लक असो. पुराची भीती असेल तर पाणी चढण्याआधी रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडर उभं बांधून ठेवा. ते तरंगतं आणि वाहून जातं.

चुलीचं जळण खोपीत, जमिनीपासून हातभर उंच फळीवर. करवंट्या, सोडणं, चुडतं ही लवकर पेटतात पण लवकर संपतात. त्यांच्याबरोबर जाड लाकूड हवं. आठवड्याला पुरेल एवढं घरातही, कारण वादळात पहिली उडते ती खोप. शेगडी किंवा कोळसा दारं-खिडक्या बंद करून कधीच पेटवू नका. धूर दिसत नसला तरी त्या वायूने माणूस झोपेतच जातं.

जळण वाचवायचं तर तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवा, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं शिजवा, आणि झाकण घट्ट लावलेलं पातेलं दोन जाड गोधड्यांत गुंडाळून पाऊण तास ठेवा. भात आपल्या वाफेवर शिजतो. लगेच खा, कोमट भात तसाच संध्याकाळपर्यंत ठेवला तर जुलाब ठरलेले.

वीज गेल्यावर फ्रीजमधलं किती वेळ चांगलं राहतं?

दार न उघडता फ्रीज चार तास, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. आधी दूध आणि शिजवलेलं अन्न संपवा, मग ताजी मासळी. बर्फ विरघळून मासळी मऊ आणि कोमट झाली असेल तर परत गोठवू नका. वादळाचा इशारा आला की फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवून गोठवा. थंडावाही टिकतो आणि नंतर पिण्याला होतात. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, फुटते.

घरात इन्शुलिन असेल तर ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत ठेवा. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्शुलिन टाकूनच द्यावं लागतं.

पुरात भिजलेलं धान्य धुऊन, वाळवून वापरता येईल का?

नाही. पुराच्या पाण्यात संडासाच्या टाक्या, मेलेली जनावरं आणि उंदरांचं मूत असतं. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ त्यातूनच येते. भिजलेली पोती, कागदी आणि प्लास्टिक पिशव्यांतलं सगळं, फिरकीच्या झाकणाच्या बरण्या, लोणचं, सगळं टाका. न फुगलेले, न गंजलेले सीलबंद पत्र्याचे डबे तेवढे चालतात; लेबल काढा, साबणाने धुवा, क्लोरीनच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, मग उघडा. साफसफाई करताना गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, ताप आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

पावसाच्या स्वच्छ पाण्याने, छप्पर गळून भिजलेला तांदूळ मात्र वाचतो, पण चोवीस तासांत. पातळ पसरा, पंखा नसेल तर चुलीच्या उबेला ठेवा, आणि जो वाळत नाही तो उकडून, वाटून पापड-फेण्या करायला घ्या. बुरशीचा वास एकदा धरला की सोडा. शेंगदाण्याला बुरशी आली तर निवडत बसू नका. तिचं विष भाजूनही पूर्ण जात नाही.

साठा घरात कुठे ठेवावा?

हे घर कुठे आहे त्यावर. महाड, चिपळूण, खेड, राजापूर, कुडाळ, बांद्यासारख्या नदीकाठच्या वस्तीत माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर, आणि गेल्या मोठ्या पुराची खूण भिंतीवर असेल तर तिच्याहून दोन हात वर. किनाऱ्यावरच्या कौलारू घरात उलटं: माळ्यावर ठेवलेलं वादळात भिजतं, म्हणून माजघरात, स्लॅबच्या मोरीत किंवा जिथे काँक्रीटचं छत आहे तिथे. डोंगराच्या पायथ्याशी घर असेल तर शिध्याचा एक भाग घराबाहेर, खाली वस्तीतल्या नातेवाइकांकडे ठेवा. दरडीच्या इशाऱ्यात घर सोडावं लागतं आणि तेव्हा पोती हलवत बसायचं नसतं.

रेशनवर विसंबून राहता येईल का?

प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं, म्हणजे चार माणसांच्या प्राधान्य कार्डावर २० किलो. पंधरा दिवसांच्या धान्याची सोय त्यातून निघते. पण अंगठ्याच्या मशीनला नेटवर्क लागतं आणि टॉवर वादळात बंद पडतात. मेचं आणि जूनचं धान्य वेळेवर उचला, राहू देऊ नका.

एकदम एवढे पैसे नसतील तर?

फेब्रुवारीपासून दर बाजाराला एकच गोष्ट जास्त घ्या. पहिल्या महिन्यात मीठ, गूळ, आमसुलं, मार्चमध्ये डाळी, एप्रिलमध्ये तांदूळ आणि मासळी, मेमध्ये तेल, कांदा, बटाटा. तेल शेवटी, कारण ते उन्हाळ्याच्या उष्म्यात खवट होतं. मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवा. गूळ पावसात पाघळतो. केळीच्या सोपात किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात ठेवला तर कमी पाघळतो, आणि पाघळला तरी खायला चांगलाच असतो.

तान्हं बाळ, आजारी माणूस आणि गुरं?

अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईचं जेवण आणि पाणी वाढवा, दुसरं काही लागत नाही. डब्याचं दूध चालू असेल तर पंधरा दिवसांचा डबा आणि उकळलेलं पाणी वेगळं ठेवा. नाचणीसत्त्व सहा महिन्यांनंतर. जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मीठ जास्त नको. मधुमेह, रक्तदाब, फिट्स यांच्या गोळ्या महिनाभराच्या शिलकीत हव्यात.

गुरांचा पेंढा माळ्यावर आणि पेंडीचं एक पोतं घरात. पुराच्या इशाऱ्याला दावी सोडून द्या. बांधलेलं जनावर बुडतं, मोकळं बहुतेकदा वाट काढतं.

मदत मागायची तर कोणाला फोन करायचा?

११२, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. हे दोन, तलाठी, पोलीस पाटील आणि सरपंचांचे नंबर कागदावर लिहून शिध्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. मोबाइल बंद पडला की त्यातले नंबरही जातात. त्याच कागदावर काय कधी भरलं याची तारीख लिहा, आणि गणपतीनंतर विस्तव न लागणारा डबा उघडून खाऊन टाका, नवा भरा. पोहे आणि शेंगदाणे सहा महिन्यांवर ठेवायची गोष्ट नाही.